पाच पूर्णांक एक आणि नऊ इंची भिंत

१९३०च्या दशकात ज्या बिल्डरने पिनरमधली आमची गल्ली उभी केली, त्याच्या डोक्यात शेकोटी होती, शेकोटीच्या दोन्ही अंगांना कोनाडे होते, रस्त्याच्या बाजूला पोट पुढे काढलेली बे विंडो होती. पाच स्पीकर मात्र नव्हते. मेट्रोपॉलिटन रेल्वे पिनरला पोचली १८८५ साली. पुढे त्याच कंपनीने 'मेट्रोलँड' नावाने जाहिराती करून लंडनकरांना सांगितलं, की शहराच्या धुरातून बाहेर पडा आणि निवांत राहायला या. लोक आले. निवांतपणा मात्र दोन घरांत मिळून एक असा वाटण्यात आला, कारण घरं जोडीजोडीने बांधलेली आणि मधली भिंत सामाईक. भिंत विटांची, साधारण नऊ इंची. तिच्या पलीकडे एक निवृत्त इंग्रज जोडपं राहतं, अलीकडे आम्ही. आणि आम्हाला होम थिएटर घ्यायचं होतं.

ही गरज टीव्हीनेच निर्माण केली. पूर्वीचा टीव्ही ढेरपोट्या होता. त्याच्या पोटात आवाजाला जागा असे आणि डोक्यावर फ्लॉवरपॉटला. टीव्ही बारीक होत गेला तसतसे त्यातले स्पीकर आधी इवलेसे झाले, मग तळाला गेले, मग पाठीला. आता नायिका जी काही कबुली देते ती आधी आमच्या भिंतीला देते आणि मग भिंत ती आम्हाला कळवते.

तेव्हा स्पीकर घ्यायचे आणि ते 'कॉम्पॅक्ट' घ्यायचे, असं घरात सर्वानुमते ठरलं. सर्वानुमते ठरलं म्हणजे मतं किती वेगळी आहेत हे अजून कुणी विचारलेलं नव्हतं. बायकोची अट होती, दिसता कामा नये. चिरंजीवांची अट होती, छातीत जाणवला पाहिजे. सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर सांगलीहून आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मला मेलीला काय, शब्द कळले म्हणजे झालं." चौथी अट भिंतीपलीकडची. ती कुणी बोलून दाखवली नव्हती, पण इंग्लंडात न बोललेल्या अटीच सगळ्यात कडक असतात: ऐकू येता कामा नये. न दिसणारा, न ऐकू येणारा आणि तरीही छातीत जाणवणारा! आपल्याकडे या वर्णनात फक्त परमेश्वर बसतो, आणि तो रिमोटसकट मिळत नाही.

अशा प्रसंगी मराठी माणूस दुकानात जाण्याआधी जाणकाराकडे जातो. प्रत्येक मराठी वस्तीत एक आंबा ओळखणारा, एक प्रॉपर्टी कळणारा आणि एक आवाज समजणारा माणूस असतो. आमचा आवाजवाला हॅरोत राहतो. त्याच्या दिवाणखान्यात एकच खुर्ची आहे. ती खोलीच्या मापाने अचूक जागी ठेवलेली असून जमिनीवर तिच्या चारही पायांच्या खुणा केलेल्या आहेत. बाकीचं कुटुंब स्वयंपाकघरात राहतं. त्याने मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि तबला लावला. "बोट कुठं पडतंय ते दिसतंय?" मिटल्या डोळ्यांनी मी दिसतंय म्हणालो. "आणि तबलजीच्या मागची भिंत?" ती काही मला दिसली नाही. तो हळहळला. त्याने गाणं ऐकल्याचं मला आठवत नाही. तो गाण्याच्या आजूबाजूची हवा ऐकतो, आणि त्या हवेला बराच खर्च येतो.

त्याच्याकडून एक गोष्ट मात्र कामाची कळली. भारतात १९९०च्या दशकात टेपरेकॉर्डरवर चंदेरी अक्षरांत 'पीएमपीओ' लिहिलेलं असे, आणि त्यापुढे हजारांत वॉट. तेवढे वॉट त्या डब्यातून खरोखर बाहेर पडले असते, तर आळीतले फ्यूज उडून गेले असते. तो आकडा क्षणाच्याही छोट्या अंशापुरता, आणि तोही जाहिरात लिहिणाऱ्याच्या कल्पनेतला. खरा आकडा आरएमएसचा. त्यातही वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो तीन डेसिबलने, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर वॉट दहापट करावे लागतात. म्हणजे ऐंशी वॉटचा घ्यावा की शंभरचा, या प्रश्नावर आमच्याकडे तीन रात्रींची जी झोपमोड झाली, तिचं मोल एका डेसिबलच्या आसपास होतं.

मग दुकान. होम थिएटरच्या दुकानात एक अंधारी खोली असते आणि त्या खोलीत सतत जगबुडी चाललेली असते. अंतराळयानं फुटतात, डायनासोर पाय आपटतात, काचा आपल्या डाव्या कानामागे पडतात. डेमोच्या सिनेमात कुणीही कधी साधं बोलत नाही. "जेवून घे रे, भाजी गार होतेय," असं एखादी आई म्हणते आणि ते किती स्वच्छ ऐकू येतं बघा, असं सांगणारा विक्रेता मला अजून भेटायचा आहे. खरं म्हणजे आमचा टीव्ही वर्षातून फार तर दोन डायनासोर बघतो. उरलेला सगळा वेळ त्यात माणसं माणसांशी बोलत असतात. हा मुद्दा त्या अंधाऱ्या खोलीत कुणाला सुचत नाही, कारण सुचलेलं ऐकू येत नाही.

आवाज माणसामागे चालला पाहिजे, हे खूळ जन्मलं ते आमच्यापासून जवळच, हेजला. आपल्या आजोबांच्या घरी नाट्यसंगीताच्या ज्या तबकड्या असत आणि ज्यांच्यावर कर्ण्यापुढे कान टवकारून कुत्रा बसलेला असे, त्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'वाल्या ग्रामोफोन कंपनीचा कारखाना हेजचा. १९०७ साली त्याची कोनशिला बसली. पुढे ही कंपनी ईएमआयमध्ये सामील झाली आणि तिथे ॲलन ब्लमलाइन नावाचे इंजिनियर होते. सांगतात ते असं, की हे गृहस्थ पत्नीबरोबर सिनेमाला गेले असताना पडद्यावरचा नट या टोकाकडून त्या टोकाला गेला, आणि आवाज होता तिथेच राहिला. आवाजाला त्याच्या मागे धाडायची युक्ती मला सापडली आहे, असं त्यांनी पत्नीला सांगितलं. चालू सिनेमात नवऱ्याने असं काही बोलावं आणि बायकोने "आधी सिनेमा बघू दे" म्हणू नये, ही विज्ञानाच्या इतिहासातली दुर्लक्षित घटना आहे. डिसेंबर १९३१मध्ये त्यांनी स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला. १९३५मध्ये हेज स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्या आगगाड्यांचं चित्रण करून आवाज खरंच डावीकडून उजवीकडे जातो की नाही ते पाहिलं. १९४२ साली रडारच्या चाचणीत विमान कोसळून ते वारले. वय अवघं अडतीस. स्टिरिओच्या तबकड्या बाजारात स्थिरावल्या त्या १९५८नंतर. हेजच्या कारखान्याच्या जागेवर आता फ्लॅट झाले आहेत आणि तिथले रहिवासी बहुधा आमच्याच पेचात आहेत.

ब्लमलाइनना दोन स्पीकर पुरले. आपल्याला पाच पूर्णांक एक लागतात. समोर डावा, समोर उजवा, मधोमध एक, मागे दोन, झाले पाच. आणि तो पूर्णांकानंतरचा एक म्हणजे सबवूफर. सहा डब्यांतला हा सगळ्यात जाडजूड, सगळ्यात जड, सोफ्याशेजारची जागा खाणारा. आणि हिशेबात मात्र एक दशांश! कारण त्याला स्वतंत्र वाहिनी आहे, पण त्या वाहिनीतून फक्त १२० हर्ट्झपर्यंतचा खर्ज येतो. दिसणारे पाच डबे नाजूक ठेवायचे असतील तर सगळा खर्ज एका मोठ्या डब्यात लपवावा लागतो. बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव डॉ. अमर बोस यांच्या कंपनीने १९८०च्या दशकात हीच वाट लोकप्रिय केली: भिंतीवर मुठीएवढे चौकोनी ठोकळे आणि कुठेतरी नजरेआड एक पेटी. 'कॉम्पॅक्ट'चं रहस्य एवढंच. लठ्ठपणा जात नाही, तो एकाच्या अंगावर घातला जातो.

आता मागच्या दोघांचा प्रश्न. शास्त्र सांगतं, की मधोमध बसलेल्या माणसापासून समोरचे दोन स्पीकर आपसात साठ अंशांचा कोन करणारे असावेत आणि मागचे दोन समोरच्या रेषेपासून शंभर ते एकशेवीस अंशांवर. चिरंजीवांच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन जाणकार सोफ्यावर बसला. डावीकडे एकशेदहा अंशांवर दार आलं. उजवीकडे एकशेदहा अंशांवर रेडिएटर. आणि मागे? आमच्या सोफ्याला 'मागे' नाहीच. सोफा भिंतीला टेकलेला आहे, कारण बारा बाय तेरा फुटांच्या खोलीत सोफा मध्ये आणून ठेवला तर थिएटर होतं, पण घर उरत नाही. जाणकाराने शेकोटीची चिमणी फोडण्याचा पर्याय सुचवला. बायकोने त्याला चहा पाजला आणि कोट आणून दिला.

"मग वायरलेस घ्या ना," असं दुकानातला पोरगा म्हणाला. वायरलेस स्पीकर ही आपल्या काळातली मोठी फसवी सोय आहे. ॲम्प्लिफायरकडून येणारी बारीक वायर जाते हे खरं. पण प्रत्येक स्पीकरला विजेची स्वतःची जाड वायर लागते, आणि तिच्या टोकाला ब्रिटनचा तो तीन पायांचा, आत फ्यूज असलेला, पायाखाली आला तर पाप आठवायला लावणारा प्लग. १९३०च्या घरात सॉकेट मोजकेच. म्हणून एक्स्टेन्शन, त्याला एक्स्टेन्शन. बायकोने टीव्हीमागे डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "हे आपण पार्कातल्या म्युझियमला का देत नाही?"

तिचं म्हणणं अगदीच अनाठायी नव्हतं. पिनरच्या मेमोरियल पार्कमध्ये २०१६पासून हीथ रॉबिन्सन यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. विल्यम हीथ रॉबिन्सन काही वर्षं पिनरमध्येच राहत. अंडं उकडणं किंवा चामखीळ काढणं अशा किरकोळ कामासाठी कप्प्या, गाठी मारलेल्या सुतळ्या, मेणबत्त्या आणि चार टकले गंभीर गृहस्थ कामाला लावणारी यंत्रं त्यांनी आयुष्यभर काढली. १९३६ साली त्यांनी के. आर. जी. ब्राउन यांच्याबरोबर फ्लॅटमध्ये कसं राहावं यावर एक पुस्तकच केलं. छोट्या जागेत मोठी हौस भागवण्याच्या युक्त्यांनी ते भरलेलं आहे. पाच स्पीकर, एक पेटी, ॲम्प्लिफायर, तीन रिमोट आणि 'आवाज कुठून येतोय बघ' म्हणून सोफ्यावर उभा केलेला टकला गृहस्थ, असं चित्र त्यांनी आमच्याकडे बसून काढलं असतं तर त्यांना कल्पनाशक्ती वापरावी लागली नसती.

इंग्लंडात ऑनलाइन मागवलेली वस्तू मिळाल्यापासून चौदा दिवसांत करार रद्द करून परत करता येते. मराठी मध्यमवर्गाला मनापासून पटेल असा हा कायदा आहे. त्याच्या आधाराने आम्ही एक पाच-पूर्णांक-एक संच आणला आणि ज्याने त्याने आपापली अट तपासून घ्यायची असं ठरवलं.

पहिला नंबर चिरंजीवांच्या छातीचा, म्हणजे सबवूफरचा. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे माणसाच्या कानाला कळत नाही, त्यामुळे ही पेटी कुठेही दडवता येते, हे ऐकून बायको खूश झाली आणि तिने ती सोफ्याशेजारच्या कोपऱ्यात ढकलली. पण कोपऱ्यात ठेवली की खर्ज दुणावतो. तेव्हा योग्य जागा शोधण्याची एक मान्यवर पद्धत जाणकाराने फोनवर सांगितली. सबवूफर उचलून आपल्या बसण्याच्या जागी सोफ्यावर ठेवायचा, खर्जाचं गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरायचं. जिथे खर्ज सारखा आणि भरीव ऐकू येईल ती सबवूफरची जागा. शास्त्राच्या दृष्टीने यात काहीही खोट नाही. पण आमची बे विंडो रस्त्याकडे उघडते आणि संध्याकाळी तिथून लोक कुत्री फिरवतात. एका बाईंनी मला रांगताना पाहिलं, लगेच आभाळाकडे पाहिलं आणि पाऊस येईलसं वाटतं अशा चेहऱ्याने त्या पुढे गेल्या. सासूबाईंनी मात्र विचारलं, "काय हरवलंय हो?"

"खर्ज."

"सोफ्याखाली बघितलंत का?"

अखेर जागा सापडली. शास्त्रशुद्ध, निर्विवाद, उत्तम जागा: सामाईक भिंतीला अगदी चिकटून.

त्या रात्री 'सैराट' लावला. नागराज मंजुळे यांच्या या २०१६च्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तेव्हा पाच पूर्णांक एकचं सार्थक करायला याहून चांगलं काय? व्हायोलिनं समोरून आली, हवा मागून आली, 'झिंगाट'ला कपाटातल्या वाट्या नाचल्या. चिरंजीवांनी छातीवर हात ठेवून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी शेजारी भेटले. हवेबद्दल बोलले, गुलाबांबद्दल बोलले, आणि मग म्हणाले, की काल तुमचा सिनेमा फार रंगला होता असं दिसतं. त्यात ट्रॅक्टर होता का? होता. आर्ची चालवते तो. पण हॉलिवूडच्या वाद्यवृंदातलं एकही व्हायोलिन नऊ इंच ओलांडून गेलं नव्हतं. त्यांच्या वाट्याला नुसती घरघर आली, आणि त्या घरघरीवरून माणसाने ट्रॅक्टर ओळखला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

यातही शास्त्र आहे. बारीक आवाजाची लाट वितीची किंवा बोटभराची. भिंत तिला अडवते, गादी तिला गिळते. ४० हर्ट्झच्या खर्जाची लाट साधारण साडेआठ मीटर लांब. आमची खोली चार मीटरची. लाट घरात मावतच नाही. जास्तीचे पाहुणे शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवण्याची आपल्याकडची जुनी रीत तिला ठाऊक असावी. कायद्याला मात्र ही रीत मान्य नाही. १९९६च्या नॉइज ॲक्टप्रमाणे रात्री अकरा ते सकाळी सात या वेळात तुमचा आवाज शेजारच्या खोलीत किती पोचावा याला मर्यादा आहे. एरवीची शांतता २४ डेसिबलपर्यंतची असेल तर मर्यादा ३४ची, आणि परिसर आधीच त्याहून गोंगाटाचा असेल तर त्याच्या वर दहा डेसिबल. नोटीस देऊनही ऐकलं नाही तर दंड होतो आणि यंत्र उचलून नेण्याचेही अधिकार आहेत. अर्थात ज्या पिनरमध्ये एल्टन जॉन वाढले, ज्याच्या शेजारच्या नॉर्थवुड हिल्सच्या पबात ते पंधराव्या वर्षी पियानो बडवत, त्या पिनरने आवाज अजिबात सोसलाच नाही असं नाही. शिवाय तिसऱ्या एडवर्डने १३३६ साली सनद दिलेली इथली जत्रा अजून भरते. मे अखेरीच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी हमरस्ते बंद होतात आणि आकाशपाळण्यांचा, भोंग्यांचा कल्लोळ उसळतो. सबवूफर पूर्ण उघडण्याचा मुहूर्त म्हणजे तो एक बुधवार. एका बुधवारसाठी घरात पेटी पाळायची का, हा विचार तेव्हा प्रथम मनात आला.

बायकोच्या अटीचं फारसं सांगण्यासारखं नाही. ठोकळे लहान होते; तिने मागच्या दोघांसमोर फोटोफ्रेम ठेवल्या, एकावर कुंडी ठेवली, आणि ते दिसेनासे झाले. ऐकूही येईनासे झाले, पण ती तिची अट नव्हती.

मग सासूबाईंची पाळी. त्या सांगलीच्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे 'सीतास्वयंवर' केलं, त्या गावात वाढलेल्या. थिएटर या वस्तूबद्दल त्यांची मतं आमच्या जाणकारापेक्षा जुनी आणि पक्की आहेत. त्यांनी रोजची मालिका लावली. मालिकेत सून काहीतरी बोलली, आणि लगेच 'धाड्!' कॅमेरा सासूवर, 'धाड्!' दिरावर, 'धाड्!' मोलकरणीवर, 'धाड्!' प्रत्येक धाडीला सबवूफरने इमानेइतबारे साथ दिली, सोफा हलला. पाच मिनिटांनी सासूबाई म्हणाल्या, "धक्का बसला हे कळलं. कशाचा बसला तेवढं राहिलं." थोड्या वेळाने त्यांनी मागे वळून पाहिलं. "आणि हे दोघं का गप्प? शोभेचे आहेत का?" मालिका दोनच वाहिन्यांची, मागच्यांना काही संवादच नाहीत, असं मी समजावलं. "मग त्यांना पैसे कशाला दिले? आमच्याकडे ज्याला वाक्य नाही त्याला रात्रीचं पाकीट नाही."

आणि मग त्यांनी ते केलं, जे मराठी प्रेक्षक शेवटच्या रांगेतून करत आला आहे. सोफ्यावरून हात वर करून त्या मोठ्याने म्हणाल्या, "आवाज!"

मी आवाज वाढवला. शब्द मोठे झाले, धाडी त्याहून मोठ्या झाल्या. कमी केला, तर दोन्ही गेले. पुढचा सगळा काळ माझा अंगठा रिमोटवर होता: बोलायला लागले की वर, भांडायला लागले की खाली. हे दुखणं आमच्याच घरचं नाही. २०१४ साली बीबीसीच्या 'जमैका इन' या मालिकेतली पात्रं काय पुटपुटताहेत ते कळत नाही, म्हणून दोन हजारांहून जास्त प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. साक्षात इंग्रजांना इंग्रजी कळेना! मोठ्या पडद्यासाठी केलेल्या सिनेमाचा आवाज मोठ्या दालनाच्या मापाने बेतलेला असतो. तिथे पातळी ८५ डेसिबलला बांधतात आणि स्फोटाला एकेका वाहिनीत वीस डेसिबलची आणखी मोकळीक ठेवतात. ते सगळं बारा बाय तेराच्या खोलीत ओतलं, की कुजबुज तळाशी बसते आणि स्फोट वर तरंगतो.

यावरचा उपाय त्या संचातच बसला होता आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं: मधला स्पीकर. पाच पूर्णांक एकच्या व्यवस्थेत जवळजवळ सगळे संवाद या एकट्याकडे असतात. पण जाहिरातीत चित्र मागच्या दोघांचं, गुणगान सबवूफरचं, आणि हा बिचारा टीव्हीखाली आडवा पडलेला. स्वस्त संचात काटकसर होते ती बहुतेक वेळा इथेच. सेटिंगमध्ये जाऊन त्याला इतरांपेक्षा तीन-चार डेसिबल वर आणलं, रात्रीसाठी जो 'नाइट मोड' असतो तो लावला. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक उचलतो. सबवूफर निम्म्यावर आणला. सून पुन्हा बोलली. सासूबाई काही क्षण ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिला उच्चार येत नाहीत हो!" त्या वाक्याने मला जितकं समाधान झालं तितकं जाणकाराच्या खुर्चीतही झालं नव्हतं. उच्चार चुकलेला कळला, म्हणजे शब्द पोचला.

राहता राहिला ॲटमॉस. २०१२पासून सिनेमागृहात आणि नंतर घरांत आलेल्या या डॉल्बीच्या पद्धतीत आवाज डोक्यावरूनही येतो. ज्या रे डॉल्बींचं नाव तिला आहे, त्यांनी काही काळ चंदीगडला काम करून मग १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, आणि पहिला शोध लावला तो नको असलेला आवाज घालवण्याचा. भारतात राहून आलेल्या माणसाला हा विषय का सुचला असेल, ते सांगायला नको. घरी ॲटमॉससाठी छताला स्पीकर लावावे लागतात किंवा छताकडे तोंड करून बसवलेले घ्यावे लागतात. त्यांना सपाट छत लागतं. आमच्या छताला कडेने नक्षी आहे आणि मध्ये गोल फूल. शिवाय नॉर्थोल्टचा हवाईतळ जवळ असल्याने डोक्यावरून विमान जाण्याचा परिणाम आम्हाला अधूनमधून विनामूल्य मिळतो. जे फुकट आहे त्याला मराठी माणसाने पैसे मोजणं बरं दिसत नाही.

तेव्हा निर्णय असा झाला, की पाच पूर्णांक एक परत गेला आणि त्याच पैशात तीन पूर्णांक एक आला. समोरचे तीन स्पीकर चांगले, त्यातला मधला सर्वांत चांगला, आणि एक छोटा सबवूफर, सामाईक भिंतीच्या विरुद्ध बाजूला, खाली रबरी पॅड घालून. रात्री अकरानंतर तो बंद. चिरंजीव थोडे हिरमुसले, पण पॉपकॉर्नचं भांडं पोटावर ठेवलं की थोडंफार जाणवतं म्हणतात. शेजारी आता फक्त गुलाबांबद्दल बोलतात.

वाचकहो, तुम्ही पिनरला असा की पिंपरीला, दुकानात जाताना डायनासोर नेऊ नका. चार माणसं एकदम बोलतात असा एखाद्या मराठी नाटकातला प्रवेश मोबाइलवर घेऊन जा. आवाज घरी रात्री ठेवता तेवढाच ठेवायला सांगा, आणि बरोबर आलेल्या सर्वांत वयस्कर माणसाला सर्वांत लांबच्या खुर्चीत बसवा. त्यांनी "आवाज!" अशी आरोळी ठोकली, तर कितीही सूट असली तरी बाहेर पडा. जागा नसेल तर साउंडबार घ्यायलाही हरकत नाही, फक्त त्यात मधली वाहिनी वेगळी आहे ना, हे विचारून घ्या. पुष्कळांत ती नसते. आणि समोरचे तीन एकाच घराण्याचे, एकाच वेळी घ्या. मागचे दोन पुढे कधीही आणता येतात. मधला मागाहून दुसऱ्या कंपनीचा आणला, तर त्याचा सूर शेजारच्या दोघांशी सहसा जुळत नाही.